विणीच्या हंगामांत पक्ष्यांपासून कसें जपावें

मृग लागला कीं आमच्या आमगांव भागांत नांगर-वखर व पऱ्हे टाकण्याची घाई सुरू होते. नेमका हाच काळ अनेक पक्ष्यांच्या विणीचा असतो. टिटवी धुऱ्यावर किंवा उघड्या रानांत मातीच्या रंगाचीं, बहुधा चार, अंडीं घालते. कोतवाल व कावळा झाडावर घरटें करितात. आणि बांध्यांत पाणी सांठलें म्हणजे सारसाची जोडी धानांत उतरते. अशा वेळीं शेतकऱ्यास पक्ष्याची चोंच बसण्याचा संभव असतो. तो कसा टाळावा याचा विचार येथें करूं.

पक्षी एरव्हीं माणसास भितो. परंतु घरट्यांत अंडीं वा पिलें असतां पळून गेल्यास त्याची सबंध वर्षाची वीण बुडते, म्हणून तो अंगावर येतो. झुंजींत त्यालाही इजेचें भय असल्यामुळें तो प्रथम ओरडतो, मग जवळून झेप घेतो, आणि तरीही माणूस पुढें आला तरच बहुधा मारतो. टिटवीचें ओरडणें अशुभ मानण्याची चाल आपल्याकडे आहे. पण या दिवसांत त्याचा अर्थ बहुधा एवढाच कीं, घरटें जवळ आहे, पाय जपून टाका. ही सूचना ओळखून जो मागें फिरतो त्यास सहसा इजा होत नाहीं.

सारसाच्या बाबतींत विशेष सावधगिरी हवी. हा पक्षी सुमारें साडेपांच-सहा फूट उंच असून त्याची चोंच लांब व बळकट असते. उथळ पाण्यांत गवत व धानाचीं ताटें रचून तो मोठा ढीग करितो. त्यावर बहुधा दोन अंडीं असतात आणि नर-मादी सुमारें महिनाभर तीं आळीपाळीनें उबवितात. बसलेला पक्षी उठून उभा राहिला म्हणजे आपण फार जवळ आलों असें समजावें. पंख पसरून तो चालून येऊं लागल्यास पाठ न दाखवितां, त्याजवर नजर ठेवून, सावकाश मागें सरावें. पिलूं व आईबाप यांच्या मधें कधींही जाऊं नये.

शेतकरी बंधूंनीं पुढील गोष्टी पाळाव्यात :

(१) घरटें दिसतांच धुऱ्यावर खुणेची काठी रोवावी व निंदणीस येणाऱ्या बायांना आधीं सांगावें. त्या बांधीचें काम शक्य तितकें शेवटीं ठेवावें.

(२) कोतवाल व कावळा बहुधा मागून डोक्यावर येतात. तेथून जातांना पागोटें, टोपली किंवा उघडी छत्री असावी. काठी डोक्यापेक्षां उंच धरावी, पक्ष्यावर उगारूं नये. उगारल्यास तो अधिकच चवताळतो.

(३) मुलांना व कुत्र्यांना घरट्यापासून दूर ठेवावें.

(४) ओरखडा आल्यास साबण व स्वच्छ पाण्यानें धुवावा आणि धनुर्वाताच्या लसीविषयीं डॉक्टरांस विचारावें. डोळ्यास लागल्यास घरगुती औषध न घालतां त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

घरटें मोडून टाकावें असें कोणास वाटेल. पण तसें करूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वन्य पक्ष्यांचीं अंडीं व घरटीं यांस उपद्रव देणें हा गुन्हा आहे. शिवाय महाराष्ट्रांत सारस आतां मुख्यतः गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांतच, तोही थोडका, उरला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें २०२१ सालीं या प्रश्नाची स्वतः होऊन दखल घेतली. वारंवार हुसकावल्यास अंडीं उघडीं पडून कावळ्यांच्या तोंडीं जातात, आणि त्या जोडीचें वर्ष फुकट जातें.

घरट्यापायीं चार-सहा हात जागेंतील धान जाईल, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण तेवढी जागा महिनाभर सोडल्यानें आपल्या डोळ्यांस व डोक्यास धोका राहत नाहीं, आणि दिवाळीच्या सुमारास धान कापणीस येतो तेव्हां जोडीमागें पिलूं चालतांना दिसतें. आमच्या सभासदांनीं हा हिशेब ध्यानांत घेऊन यंदाच्या रोवणीपासूनच असें वागावें, अशी आमची विनंति आहे.