बांधापलीकडची आग

माघ-फाल्गुनात कोकणातल्या सड्यांवरचे गवत वाळून कोरडेठाक होते आणि त्याच दिवसांत भाजावळ सुरू होते. भाताचे रोप टाकायच्या जागेवर कवळ (झाडांच्या तोडलेल्या फांद्या), शेण, पालापाचोळा पसरून राब भाजला की तणाचे बी मरते, राख खताला मिळते. नेमक्या याच सुमारास हापूसच्या बागा फळावर असतात. आग बांध ओलांडून गेली, तर वर्षानुवर्षे जोपासलेली कलमे तासाभरात होरपळतात. मग आग कोणी लावली याची चौकशी होते. पण जबाबदारी ठरते ती दुसऱ्याच प्रश्नावर : लावणाऱ्याने काळजी काय घेतली होती?

कायद्याची भूमिका हीच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ नुसार, माणसांना धोका होईल अशी हयगय आगीबाबत केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नुकसान करण्याच्या हेतूने आग लावली, तर कलम ३२६ खाली शिक्षा कितीतरी कडक आहे. पण बहुतेक शेतातल्या आगी हेतूने नव्हे, बेफिकिरीने पसरतात. आणि दोन हजारांचा दंड पुरता बागायतदाराच्या हाती ठेवला तरी एक कलमही उभे राहत नाही. भरपाईसाठी दिवाणी दावाच लावावा लागतो. तिथे हयगय सिद्ध झाली, तर काडी मजुराने ओढली असली तरी काम सांगणारा मालक सहसा सुटत नाही.

‘वारा फिरला, त्याला मी काय करू?’ हा नेहमीचा बचाव. दैवी आपत्तीची सबब कायद्याला मान्य आहे, पण ती अकल्पित घटनेसाठी. कोकणात उन्हाळ्याच्या दुपारी समुद्रावरून वारा सुटतो हे लहान पोरालाही ठाऊक असते. दुपारी राब पेटवणाऱ्याला तो अकल्पित म्हणता येणार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : भाजावळ हा गरीब शेतकऱ्याचा पोटापाण्याचा भाग, त्याच्यावरच बोजा का? पण जबाबदारी म्हणजे बंदी नव्हे. पंजाब-हरियाणात पराली (भातकापणीनंतरचे खुंट) जाळल्यास क्षेत्र पाहून पर्यावरण भरपाई आकारतात. २०२४ मध्ये ती दुप्पट होऊन पाच एकरांवरच्या शेतकऱ्याला तीस हजार रुपये झाली. ती धुरासाठी आहे, शेजाऱ्याच्या नुकसानीसाठी नाही. कोकणातला प्रश्न पसरणाऱ्या आगीचा आहे आणि तो बंदीवाचून सुटू शकतो. शिवाय शेजारच्या बागायतदारानेही कलमांखालचे गवत काढायला हवे. निष्काळजीपणा दोन्हीकडचा असेल, तर भरपाईचा भारही वाटला जावा.

उरते अडचण पुराव्याची. सड्यावर काडी कोणी टाकली हे क्वचितच कळते. म्हणूनच नियम आग लागण्याआधी हवेत. ग्रामसभेने ठरवावे : भाजण्यापूर्वी शेजारी आणि पोलीस पाटलांना कळवायचे, शेताभोवती जाळरेषा काढायची, वारा पडल्यावर पेटवायचे, पाणी आणि माणसे हाताशी ठेवायची आणि निखारे विझेपर्यंत जागा सोडायची नाही. ‘कळवणारा प्रामाणिक माणूसच आधी अडकेल’ ही शंका रास्त वाटली, तरी परिणाम उलट होईल. सांगून, खबरदारी घेऊन भाजणाऱ्यापाशी काळजीचा पुरावा असेल. चोरून पेटवणाऱ्यापाशी तो नसेल. असा फरक कळवल्याच्या नोंदीतून स्पष्ट झाला, तरच नुकसान झालेल्याला भरपाई आणि सावध शेतकऱ्याला संरक्षण, ही दोन्ही कामे एकाच कायद्याने होतील.