मन, माती, माणसं (भाग ९) : जात्याच्या दोन बाजू

ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवता येत नाही. जुनं झालं की त्याची विरी जाते, मग परातीत कितीही मळा, भाकरी थापताना काठाला चिरते आणि तव्यावर टाकताना हातात फाटते. गव्हाचं पीठ महिनाभर डब्यात पडून राहिलं तरी चालतं. ज्वारी खाणाऱ्या मुलखाला ही सवलत नव्हती. परभणी जिल्हा तर ज्वारीचाच मुलूख. त्यामुळे गिरणी येईपर्यंत इथल्या बाईच्या आयुष्यात रोजची पहाट जात्याशी बांधलेली होती. बाईच्या मनाचा इतिहास लिहायचा तर तो या विरीपासून सुरू करावा लागतो.

मागच्या भागात सालगड्याचं वर्ष पाहिलं. पाडव्याला ठरणारं साल, त्याआधी घेतलेली उचल आणि तिच्याभोवती वर्षभर फिरणारं बाप्याचं मन. तेव्हा बायकांचा उल्लेख जाता जाता आला होता. हा भाग पूर्ण त्यांचा.

आधी जातं नीट पाहून घेऊ, कारण आता तिशीतल्या वाचकानं ते एक तर लग्नात पाहिलेलं असतं, नाही तर न्हाणीपुढे पायरी म्हणून टाकलेलं. खालची तळी जमिनीत पक्की रुतवलेली. वरची तळी मधल्या खुंटीभोवती फिरणारी. वरच्या तळीच्या कडेला लाकडी खुंटा, मध्ये तोंड. डाव्या हातानं मूठमूठ दाणे तोंडात सोडायचे, उजव्या हातानं खुंटा ओढायचा. दगड गुळगुळीत झाला की दाणा भरडला जातो पण पीठ पडत नाही, मग टाकी लावणारीला बोलावून तळ्या टाकवून घ्यायच्या. जड जातं एकटीनं ओढलं तर छाती भरून येते. म्हणून शक्यतो दोघी समोरासमोर बसायच्या आणि एकाच खुंट्यावर दोघींचे हात असायचे. जावा-जावा, नणंद-भावजय, आणि बहुतेक घरांत सासू-सून.

जातं मुळात दोघींचं, ही गोष्ट लक्षात ठेवून जनाबाईकडे वळू या. गोदावरीकाठचं गंगाखेड तिचं गाव. परंपरा सांगते की लहानपणीच बापानं तिला पंढरपूरला दामाशेटींच्या घरी ठेवलं. नामदेवांच्या त्या मोठ्या कुटुंबात ती दासी म्हणून वाढली. हा काळ तेराव्या-चौदाव्या शतकाचा. तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत आणि त्यांत देव देवळात कमी आणि घरकामात जास्त भेटतो. तो शेण्या वेचतो, पाणी भरतो, केस विंचरतो आणि जात्यावर बसतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला ‘जनाबाईचं जातं’ दाखवतात. वारीला आलेल्या बायका आजही त्याचा खुंटा धरून दोन फेरे ओढतात.

भाविक याला चमत्कार म्हणतात, अभ्यासक भक्तीचं रूपक म्हणतात. मला त्यात आणखी एक अगदी साधी गोष्ट दिसते. घरातल्या इतर बायकांना समोर बसायला कुणीतरी होतं. दासीच्या समोर कोण बसणार? जात्याची दुसरी बाजू रिकामी होती आणि जनीनं तिथे विठ्ठलाला बसवलं. मन असा जोडीदार उभा करतं, त्याला वेड म्हणायचं कारण नाही. एकटं पडलेलं माणूस बोलणं थांबवत नाही, ते ऐकणारा घडवतं. जनीनं घडवलेला ऐकणारा इतका खरा निघाला की पुढची सातशे वर्षं मराठी बायका दळताना त्यालाच हाक मारत राहिल्या.

आता ओवी. दळताना गायची ओवी कुणी बसून रचत नाही. खुंट्याच्या फेऱ्यावर ती येते. एकीनं ओळ काढायची, दुसरीनं उचलायची, ओळ दोनदा म्हणताना पुढची सुचायला वेळ मिळायचा. विषय ठरलेले होते. माहेर, भाऊ, आईचा आठव, लेकीची पाठवणी, पंढरीची वाट, सीतेचा वनवास आणि सासुरवास. यातला शेवटचा विषय नीट पाहा. समोर सासू बसलेली आहे. तिचाही हात त्याच खुंट्यावर आहे. आणि सून सासुरवासाची ओवी म्हणते आहे.

हेच सुनेनं चुलीपुढे सरळ बोलून दाखवलं असतं तर? पण जात्यावर ते चालायचं. ओवीतली सासू ‘तुम्ही’ नसते, ती कुणा एका सासुरवाशिणीची सासू असते. सून स्वतःबद्दल ‘मी’ म्हणून रडत नाही, सीतेबद्दल बोलते, शेजारणीबद्दल बोलते, जात्याला सांगते. आणि समोरच्या बाईनं तीस वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणासमोर हेच म्हटलेलं असतं. ती रागावली तर स्वतःच्याच तरुणपणावर रागावेल. बहुधा पुढची ओळ तीच उचलायची.

मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०१४ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं. ताणाच्या प्रसंगी माणूस स्वतःशी ‘मी’ असं बोलतो की स्वतःच्या नावानं, परक्याविषयी बोलावं तसं, एवढाच फरक त्यांनी तपासला. स्वतःकडे जरा लांबून पाहणारी माणसं कमी घाबरली आणि नंतर तोच प्रसंग कमी उगाळत बसली. आपल्याकडच्या निरक्षर म्हटल्या गेलेल्या बायकांनी हे अंतर गाण्याच्या रचनेतच बसवून ठेवलेलं होतं. प्रयोगशाळेत सुटी करून तपासलेली गोष्ट इथे चाल, श्रम, श्वास आणि सोबत यांच्यासकट एकत्र नांदत होती.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की म्हणायचे की माणसाची मानसिक शक्ती आधी माणसामाणसांत घडते आणि मग आत जाते. आपण उलट समजतो. मन म्हणजे कवटीतली खासगी वस्तू, ती आधी आत तयार होते आणि मग बाहेर व्यक्त होते असं आपल्याला वाटतं. न्हातीधुती होण्याआधीच आईच्या मांडीवर डोकं ठेवून जात्याची घरघर ऐकणारी पोर दुःख कसं सांगायचं हे ऐकून शिकत होती. दुःख तिच्या वाट्याला यायच्या आधी त्याची भाषा तिच्याकडे येऊन बसलेली असायची.

ही भाषा नुसती कौटुंबिकच राहिली असती तर तिला मी इतिहासाच्या लेखमालेत आणलं नसतं. निजामाच्या राज्यात परभणीत मराठी ही घरची भाषा होती, दरबार आणि शिक्षण उर्दूचं. हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. पुरुषांची मराठी शाळा-कचेरीत मागे हटत असताना बायकांची मराठी पहाटे जोरात चालू होती, कारण तिच्यावर कुठल्याच सरकारचं लक्ष नव्हतं. डॉ. ना. गो. नांदापूरकरांनी मराठवाड्यातल्या बायकांची गाणी गोळा करून ‘मराठीचा मोहोर’ काढला. तिकडे साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्यांचे दोन भाग केले. पुढे पुण्यात गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव माणसं पाठवून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. गाणारणींची नावं आणि गावं लिहून ठेवली, हे त्यांचं मोठं काम. आधीच्या संग्रहांत गाणारणी बहुतेक निनावी राहिल्या होत्या.

याच संग्रहाच्या कामात १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रण झालं. माजलगाव बीड जिल्ह्यात, पण आपल्या पाथरीला लागूनच. तिथल्या बायकांनी गायलेल्या ओव्यांत बाबासाहेब आहेत. ओवीच्या रचनेत नेता, पुढारी यांना जागा नसते, तिथे फक्त नाती असतात. मग बाबासाहेब भाऊ होऊन येतात, बाप होऊन येतात, रमाबाई वहिनी होतात. जिथे माहेरचा भाऊ गाडी घेऊन यायचा तिथे भीमराव येतात. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघालं, १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली. या घटना वर्तमानपत्रांतून शिकलेल्या माणसांपर्यंत गेल्या. वस्तीतल्या बाईपर्यंत त्या नात्याचं रूप घेऊन पोहोचल्या. समाज बदलतो तेव्हा मन त्या बदलाला ओळखीच्या जागी बसवून घेतं, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सापडत नाही. जी भाषा सून म्हणून सोसण्यासाठी घडली तिच्यातच ताठ मानेनं बोलता आलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर वाचक मला जात्याच्या आठवणीनं गहिवरणाऱ्यांत जमा करतील. जातं ही शिक्षा होती. तिन्हीत्रिकाळ राबणाऱ्या, बाळंतपणातून नुकत्या उठलेल्या बाईला पहाटे उठवून ती दिली जायची. ओवीनं सासुरवास सोसता आला, संपला नाही. उलट मन हलकं झाल्यामुळे तो आणखी काही वर्षं सोसला गेला असेल, ही शंकाही रास्त आहे. गाऱ्हाणं गाण्यात जिरलं की भांडणापर्यंत जात नाही. ‘आमच्या आज्या कशा गात होत्या’ म्हणून डोळे पुसणाऱ्यांपैकी कुणी सुनेला जात्यावर बसवायला तयार आहे का? गावात गिरणी आली तेव्हा एकाही बाईनं जात्यासाठी हट्ट धरल्याचं ऐकिवात नाही, आणि ते योग्यच झालं.

गिरणीनं हात मोकळे केले, बहात्तरच्या दुष्काळानं उंबरा मोकळा केला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती आणि त्यांत बायका प्रचंड संख्येनं. सुकडी आणि मिलो खाऊन खडी फोडणारी बाई पहिल्यांदा स्वतःच्या नावानं हजेरीपटावर चढली. पुढे रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मजुरी तिच्या हातात पडो वा नवऱ्याच्या, नाव तिचं होतं. याच दुष्काळाच्या वर्षी, १९७२ मध्ये, परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. त्या विद्यापीठानं ‘परभणी मोती’सारखं ज्वारीचं वाण दिलं आणि ‘एमएयूएस’ मालिकेतली सोयाबीनची वाणंही दिली. शिवारानं दुसऱ्याला जास्त उचललं. सोयाबीन घरात शिजत नाही, ते पोत्यातून थेट अडतीवर जातं. पेरलेलं खायचं नाही, विकायचं, आणि खायचं ते विकत आणायचं. या एका बदलानं घराच्या अर्थकारणातलं बाईचं स्थान किती हललं, यावर पुढे स्वतंत्र भाग लिहीन.

जातं गेलं ते चांगलं झालं. पण जात्याबरोबर पहाटेचा तो वेळही गेला, ज्यात घरातल्याच दुसऱ्या बाईसमोर तिच्याविषयीच बोलता येत होतं. त्या वेळेच्या जागी काय आलं?

बचत गट आला असं चटकन म्हटलं जातं. गटानं बाईला बँकेच्या दारापर्यंत नेलं, सही शिकवली, हे खरंच. पण गटाची बैठक हप्त्यावर चालते. कुणाचा भरला, कुणाचा राहिला, वही मिटली की उठायचं. शिवाय जिच्याकडे हप्ता थकलाय तिच्यासमोर मन कसं उघडणार? भजनी मंडळ आहे, पण तिथे शब्द दुसऱ्याचे असतात. घरात टीव्हीवरची सासू-सून रोज भांडतात, आणि खऱ्या सासू-सुना शेजारी बसून निमूट पाहतात. पाहण्यातही थोडं अंतर मिळतं, नाही असं नाही, पण तोंडातून शब्द निघत नाही.

सरकारी बाजूनं २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प आहे. शेतकरी कुटुंबांतल्या नैराश्याचा वेळीच शोध लागावा म्हणून विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत तो सुरू झाला, परभणी त्यात आहे. आशाताई घरी येतात, झोप लागते का, जेवण जातं का, मन कशात रमतं का असे प्रश्न विचारतात. प्रश्न बरोबर आहेत. पण ते ओट्यावर, सासऱ्यासमोर विचारले तर सून काय सांगणार? ‘चाललंय की बरं.’ आशाताईंचा यात दोष नाही, त्यांच्या डोक्यावर आधीच ढीगभर नोंदवह्या आहेत. पण जात्याची रचना समजून घेतलेल्या कुणी तो प्रकल्प आखला असता तर प्रश्नावलीच्या आधी त्यानं जागा आणि वेळ ठरवली असती. बायकांना हात चालू असताना, शेजारी बसून, दुसऱ्या कुणाचं म्हणून बोलता आलं पाहिजे. पापड-शेवयांच्या दिवसांत, गोधडी शिवताना हे आजही होतं. आरोग्य खात्याला खरोखर ऐकायचं असेल तर त्यानं तिथे जाऊन बसावं. प्रशिक्षण नंतर द्या, आधी चटईवर जागा धरा.

एक विनंती. लग्नघरी हळद दळायला अजून जातं पुजतात आणि घरातली म्हातारी दोन-चार ओव्या म्हणते. तिचा फोनवर व्हिडिओ काढून गटावर टाकून मोकळे होऊ नका. लग्नाची गडबड संपल्यावर तिच्याजवळ बसा. ओवी कुणाकडून आली, समोर कोण बसायचं, त्या दिवसांत घरात काय चाललं होतं, हे विचारा. तिचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव आणि अंदाजे वय यांसह लिहून ठेवा आणि तिची हरकत नसेल तर या लेखमालेच्या पत्त्यावर पाठवा. विशेषतः पालम, सोनपेठ आणि जिंतूरकडच्या वाचकांनी. एक भाग फक्त त्यांच्या नोंदींचा करायचा आहे.