विंडोजवरून लिनक्सवर आलात? जुन्या शॉर्टकट की पुन्हा अशा बसवा

शिवाजी उद्यमनगरात माझ्या काकांचं छोटं ऑफिस आहे. दिवसभर कास्टिंगचे रेट फोनवर विचारले जातात. फोन मान आणि खांद्यात धरायचा, डाव्या हाताने कंट्रोल + ऑल्ट + सी दाबून कॅल्क्युलेटर उघडायचा, वजन गुणिले रेट, की लगेच आकडा सांगून मोकळे. कंट्रोल + ऑल्ट + आर दाबलं की रेटची एक्सेल शीट उघडायची. माउसला हात क्वचितच लागायचा.

मग १४ ऑक्टोबर २०२५ आला. त्या दिवशी विंडोज १० चा सपोर्ट संपला. नाव नोंदवलं तर घरगुती वापरासाठी आणखी वर्षभर सिक्युरिटी अपडेट मिळतात, पण तेही तात्पुरतंच. काकांच्या पीसीत सहाव्या जनरेशनचा आय-३ आहे. विंडोज ११ ला साधारण आठव्या जनरेशनच्या पुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं, त्यामुळे तो रस्ता बंद. पीसी मात्र धडधाकट होता. भंगारात घालायचं जिवावर आलं, म्हणून मी त्यावर लिनक्स मिंट टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "आरं, ह्ये कॅल्क्युलेटर उघडंना झालंय. गिऱ्हाईक लाईनवर हाय. जुनं हुतं त्येच बसव बाबा."

आता इथे चूक माझीच होती. फाइल्स, प्रिंटर, वायफाय सगळं बघितलं, पण बोटांची सवय हलवायला विसरलो. नवीन फोन घेतल्यावर सगळी अॅप्स येतात, पण होम स्क्रीनवरची जागा बदललेली असली की आपण कसे चाचपडतो? तसंच हे.

विंडोजमध्ये ही की कुठे साठवलेली असते, ते आधी समजून घ्या. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकट आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गेलात, तर 'शॉर्टकट की' नावाचा रकाना दिसतो. म्हणजे की त्या आयकॉनच्या फाइलमध्येच लिहिलेली असते. आयकॉन डिलीट केला की कीसुद्धा गेली. लिनक्समध्ये उलट आहे. तिथे आयकॉनचा संबंधच नाही. कुठली की दाबल्यावर कुठली कमांड चालवायची, याची यादी डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये असते. त्यामुळे विंडोजचे आयकॉन पेनड्राइव्हवर कॉपी करून काहीही होत नाही, की नव्याने बसवाव्या लागतात.

मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर मेनूत 'कीबोर्ड' शोधा, 'शॉर्टकट्स' टॅबवर जा, डावीकडे 'कस्टम शॉर्टकट्स' निवडा आणि नवीन शॉर्टकट अॅड करा. नाव काहीही द्या, कमांड लिहा. मग खाली 'अनअसाइन्ड' लिहिलेलं असतं त्यावर डबल क्लिक करून हवी ती की दाबा. उबुंटूत हेच सेटिंग्ज, कीबोर्ड, मग शॉर्टकट बघण्या-बदलण्याचा पर्याय आणि त्यात कस्टम शॉर्टकट्स असं सापडेल.

अडतं ते कमांडपाशी. मेनूत दिसणारं नाव आणि कमांड एकच असेल असं नाही. मेनूत नुसतं कॅल्क्युलेटर दिसतं, पण कमांड आहे जीनोम-कॅल्क्युलेटर: इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं, मध्ये डॅश, स्पेस नाही. फायरफॉक्सचं सोपं आहे, नाव तीच कमांड. कॅल्कसाठी आधी लिबरऑफिस, मग स्पेस, दोन डॅश आणि त्यांना चिकटून कॅल्क. माझी एकच सवय सांगतो: कमांड आधी टर्मिनलमध्ये टाकून बघा. टर्मिनल कंट्रोल + ऑल्ट + टी ने उघडतं. तिथे प्रोग्रॅम उघडला तरच ती शॉर्टकटमध्ये टाका. नाहीतर की दाबून काहीच होत नाही, एरर पण दिसत नाही, आणि आपण कीबोर्डला दोष देत बसतो.

काकांची रेट शीट हा प्रोग्रॅम नाही, फाइल आहे. त्यासाठी एक्सडीजी-ओपन ही कमांड (हीसुद्धा इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये डॅश), पुढे स्पेस आणि फाइलचा पूर्ण पत्ता, म्हणजे स्लॅश होमपासून. फोल्डरच्या नावात स्पेस असेल तर पूर्ण पत्ता अवतरण चिन्हांत घाला. काकांच्या फोल्डरचं नाव 'नवीन रेट फायनल' होतं. माझी दहा मिनिटं तिथेच गेली.

काही सवयी आयत्या चालतात. विंडोज की + ई ने फाइल्स उघडतात, विंडोज की + डी ने डेस्कटॉप दिसतो. लिनक्सवाले त्या कीला 'सुपर' म्हणतात, की तीच. टास्कबारवर पिन केलेलं पहिलं अॅप सुपर + १, दुसरं सुपर + २, हेही उबुंटू आणि मिंटमध्ये आहे. फसगत होते ती सुपर + एल ला. विंडोजमध्ये त्याने स्क्रीन लॉक होते, सिनॅमनमध्ये मात्र डेव्हलपरसाठीची एक विचित्र खिडकी उघडते. लॉकसाठी कंट्रोल + ऑल्ट + एल. आणि कंट्रोल + ऑल्टबरोबर एफ-३ वगैरे फंक्शन की कुठल्याही प्रोग्रॅमला देऊ नका. त्याने काळी टेक्स्ट स्क्रीन येते आणि माणूस घाबरून थेट बटण बंद करतो. तशी आलीच तर कंट्रोल + ऑल्ट + एफ-७ दाबा, नाही जमलं तर एफ-१ किंवा एफ-२. तुमचं काम जसंच्या तसं असतं.

एक स्पष्ट सांगतो. टॅलीप्राइम हे विंडोजसाठीचं सॉफ्टवेअर आहे. घरच्या दुकानाचे हिशोब त्याच पीसीवर टॅलीत होत असतील, तर शॉर्टकटची चर्चा नंतर, आधी तो पीसी हलवूच नका. काकांचं टॅली त्यांच्या अकाउंटंटकडे असतं, म्हणून माझं निभावलं.

परवा गेलो तर काका कंट्रोल + ऑल्ट + सी दाबून कुणाला तरी रेट सांगत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "चलान उघडायला बी एक बटण दे की." व्ही रिकामं होतं, ते दिलं.