फोनचा मंद, दणकट आजोबा

बेंगळुरूतल्या जे. पी. नगरच्या मेट्रो स्थानकात संध्याकाळी गाडीची वाट पाहणाऱ्यांपैकी जवळपास प्रत्येकाच्या हातात फोन असतो. त्या फोनमधल्या चिपचं कूळ शोधत मागे गेलं, तर आपण पोहोचतो शाळेतल्या एका जाडजूड, फिकट पिवळसर डब्यापाशी.

त्याचं नाव बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं तो १९८१मध्ये बाजारात आणला. भारतातही तो लवकरच आला. १९८४मध्ये ‘क्लास’ या सरकारी योजनेतून निवडक शाळांमध्ये हेच संगणक बसवले गेले. गती दोन मेगाहर्ट्झ, स्मृती ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्यात मावणार नाही.

पण बटण दाबा. दोन सुरांची शिट्टी वाजते आणि पडद्यावर कर्सर लुकलुकू लागतो. वाट बघणं नाही, अपडेट नाही. या मंद यंत्राला इतकी घाई जमते कशी? त्याची सगळी मूळ प्रणाली आणि बेसिक भाषा ‘रॉम’ चिपमध्ये कायमची कोरलेली असते. डिस्कवरून काही उचलून आणायचंच नसतं. वीज आली की काम सुरू.

दणकटपणाचं गुपितही साधेपणातच आहे. त्याचा मेंदू ६५०२ ही १९७५ची चिप. तिच्यात साडेतीन हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर, आजच्या फोनच्या चिपमध्ये हजारो कोटींच्या घरात. मूळ ६५०२वरच्या रेषा सुमारे आठ मायक्रॉन रुंद, म्हणजे आजच्या मानाने हमरस्तेच. पंख्याची गरज नाही. शिवाय बऱ्याच चिपा सॉकेटमध्ये बसवलेल्या, म्हणून एखादी बिघडली तर उपटून दुसरी लावता येते. चाळीस वर्षांनी सहसा दगा देतो तो वीजपुरवठ्यातला एक कपॅसिटर. त्याचं कवच तडकतं, आत दमट हवा शिरते आणि एक दिवस खोलीभर धूर होतो. बघणारा घाबरतो, पण तो स्वस्त भाग बदलला की यंत्र पुन्हा शिट्टी मारतं.

६५०२ला फक्त ५६ सूचना कळतात. त्यामुळे एका माणसाला अख्खा संगणक डोक्यात ठेवता येतो. बीबीसी मायक्रो घडवणाऱ्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांना हे नेमकं ठाऊक होतं. नवा प्रोसेसर हवा झाला, तेव्हा त्यांनी तोही असाच सुटसुटीत आखला. विल्सन यांनी त्याची नक्कल आधी बीबीसी मायक्रोवरच चालवून पाहिली, बेसिक भाषेत.

२६ एप्रिल १९८५ला खरी चिप हाती आली. तीही बीबीसी मायक्रोलाच जोडून तपासली. चिप व्यवस्थित चालली. फर्बर वीज मोजायला गेले, तर मापकाचा काटा शून्यावर! चिपला वीजपुरवठा जोडायचाच राहिला होता. बाकीच्या तारांमधून झिरपलेल्या विजेवरच ती धावत होती.

ती चिप म्हणजे आर्म. आज जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये तिचीच वंशावळ आहे, आणि त्या कुळाच्या नव्या पिढ्या घडवणारे अभियंते बेंगळुरूतही बसतात. बॅटरीवर दिवसभर तग धरण्याची फोनची क्षमता या काटकसरी वळणातून आली. म्हणून जुन्या संगणकावर जीव जडतो तो केवळ आठवणींसाठी नाही. पूर्ण समजून घेता येईल असं शेवटचं यंत्र कदाचित तेच होतं, आणि असं समजलेल्या यंत्रातूनच पुढचं यंत्र जन्माला आलं.