कामातली पत

हैदराबादेत मुसी ओलांडून चादरघाटच्या पुढे गेलं की मलकपेठ लागतं. रेसकोर्सइतकीच या भागाची दुसरी ओळख म्हणजे इथला गंज, कांद्याची मोठी घाऊक बाजारपेठ. नाशिक, नगर, सोलापूर भागात भरलेले ट्रक शेकडो किलोमीटर कापून इथे रिकामे होतात. माल पाठवणारा मराठी बोलतो, उतरवणारा आणि घेणारा तेलुगू किंवा दखनी. शेतकरी प्रत्येक वेळी मालासोबत येतोच असं नाही. आला तरी त्याच्या हातात फारसं काही नसतं. भिजलेला कांदा लवकर सडतो, आणि भाव पसंत पडला नाही म्हणून भरलेला ट्रक माघारी नेणं परवडत नाही. त्यामुळे आडत्याने, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाने, कळवलेला भाव, काट्यावरचं वजन, हिशेबाच्या पट्टीतून झालेली कपात आणि पैसे हाती येण्याचा दिवस या चारही बाबतींत त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागतं. नोकरी-व्यवसायात यशस्वी व्हायला कोणते गुण लागतात, या प्रश्नाचं उत्तर अशा ठिकाणी स्पष्ट दिसतं. आपल्या शब्दावर विसंबून दुसऱ्याला निर्णय घेता आला पाहिजे. बाकीचे गुण याच्या मागून येतात.

या विषयावर आपल्याकडे जे शिकवलं जातं त्यात सफाईदार इंग्रजी, आत्मविश्वासाचा आविर्भाव आणि मुलाखतीची तालीम यांचाच भरणा असतो. ते निरुपयोगी नाही, पण ते पहिल्या भेटीपुरतं. रोजच्या कामात माणसाची पत तीन सवयींवर ठरते. झेपेल तेवढंच कबूल करणं आणि कबूल केलेलं पाळणं ही पहिली. वाईट बातमी वेळेत सांगणं ही दुसरी, आणि ती सर्वांत अवघड. आवक वाढून भाव पडलेले असताना ‘आज गाडी भरू नका, दोन दिवस थांबा’ असं सांगणारा आडत्या त्या दिवसाची आडत गमावतो, पण पुढच्या हंगामात त्याच शेतकऱ्याची गाडी त्याच्याच गाळ्यापुढे लागण्याची शक्यता वाढते. तिसरी सवय म्हणजे समोरच्याचं काय पणाला लागलं आहे हे त्याच्याकडून ऐकून घेणं. मुलीच्या लग्नासाठी आजच रोकड हवी असलेला शेतकरी आणि चार दिवस थांबू शकणारा शेतकरी यांना एकच सल्ला देता येत नाही. कचेरीत, दवाखान्यात, कारखान्यात माणसं वेगळी असतात, सवयी याच.

हे केवळ सुभाषित नाही, त्याला आकड्यांचा आधार आहे. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड डेमिंग यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 1980 ते 2012 या काळात अमेरिकेतल्या एकूण रोजगारात माणसांशी सतत व्यवहार करावा लागणाऱ्या कामांचा वाटा जवळपास 12 टक्के-बिंदूंनी वाढला. गणित लागतं पण माणसांशी संबंध कमी येतो, अशा कामांचा वाटा याच काळात घटला. डेमिंग यांची मीमांसा सोपी आहे. कामं वाटून घ्यायची तर एकमेकांशी जुळवून घेण्यात वेळ आणि श्रम खर्च होतात. ज्याच्यामुळे हा खर्च कमी होतो, त्याची किंमत वाढते.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळं स्वभावावर असतं. अबोल माणसाने काय करावं? त्याचं उत्तर बंगळुरूच्या कपड्यांच्या कारखान्यांत मिळतं. तिथे शिलाईकाम करणाऱ्या स्त्रियांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून निवडण्यात आलं आणि त्यांना संवाद, वेळेचं नियोजन, अडचणी सोडवणं यांचं प्रशिक्षण देण्यात आलं. निवड चिठ्ठीने झाल्यामुळे फरक स्वभावाचा होता असं म्हणायला जागा राहिली नाही. प्रशिक्षण संपल्यानंतर त्यांची उत्पादकता इतरांपेक्षा सुमारे 13 टक्क्यांनी जास्त आढळली. म्हणजे या गोष्टी शिकता येतात. शिवाय वर सांगितलेल्या तीन सवयींपैकी एकीलाही बडबडेपणाची गरज नाही. मितभाषी माणूस वेळ पाळतो आणि ऐकून घेतो, तेव्हा त्याची पत वाचाळ माणसापेक्षा लवकर वाढते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. बंगळुरूच्या त्याच प्रयोगात प्रशिक्षित स्त्रियांची मजुरी वाढली ती अवघी अर्ध्या टक्क्याच्या आसपास. नफ्याचा मोठा वाटा कारखान्याकडे गेला. गुण कामगाराने कमवायचे आणि फळ मालकाने घ्यायचं, हा व्यवहार न्याय्य नाही. बाजारातही ‘भरवसा’ या नावाखाली बांधून ठेवणं चालतं. आडत्याकडून आगाऊ उचल घेतलेला शेतकरी दुसऱ्या गाळ्यावर जाऊ शकत नाही. त्याचं परत येणं ही मजबुरी असते. म्हणून एक कसोटी लावावी. समोरच्याला दुसरीकडे जायची मोकळीक आहे आणि तरीही तो आपल्याकडे येतो, तेव्हाच ती पत खरी. चांगल्या वागणुकीची अपेक्षा ठेवणाऱ्या प्रत्येक मालकाने तिचं मोलही दिलं पाहिजे, आणि ते मागण्यात कामगाराने संकोच करू नये. आपल्या कामाचं मोल शांतपणे, पुराव्यानिशी मांडता येणं हेही संवादाचंच कौशल्य आहे.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. 14 एप्रिल 2016 रोजी ई-नाम ही राष्ट्रीय कृषी बाजाराची ऑनलाइन व्यवस्था सुरू झाली आणि तेलंगण सुरुवातीपासून तिच्यात आहे. बोली पडद्यावर दिसू लागली तर माणसाच्या शब्दाचं काय काम? भाव लपवणं अवघड झालं हे चांगलंच झालं. पण ओला माल आणि सुका माल यांतला वाद, वजनाची तक्रार, अडकलेले पैसे यांचा निकाल अजूनही माणसांनाच लावावा लागतो. यंत्र जितकं हिशेबाचं काम उचलेल, तितकं माणसाच्या वाट्याला वादाचं, समजुतीचं आणि जबाबदारीचं काम उरेल.

तेव्हा तरुणांना कामाच्या जगासाठी तयार करायचं असेल तर शाळा-महाविद्यालयांनी भाषणाच्या स्पर्धांइतकंच महत्त्व गटात केलेल्या, ठरल्या तारखेला पुऱ्या झालेल्या कामाला द्यावं. चूक लगेच सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, याची हमी शिक्षकांनी आणि वरिष्ठांनी द्यावी. नाहीतर वाईट बातमी दडपण्याचीच सवय लागते. आणि नव्याने कामाला लागणाऱ्याने पहिल्याच महिन्यात एवढं ठरवावं: जे जमणार नाही त्याला वेळेत नाही म्हणायचं, आणि हो म्हटलेलं पुरं करायचं.