कोरले कोणी हे खांब?

पोखर्णीहून एक पत्र आलं आहे. पोखर्णी म्हणजे परभणी-गंगाखेड वाटेवरची, नृसिंहाची. लिहिणारा नववीत आहे. मोबाइलवर फिरणारा एक फोटो त्यानं पाहिला: कड्याला एकमेकांना खेटून उभे असलेले दगडी खांब, रंध्यानं तासल्यासारखे सरळ. प्रश्न दोन. हे कोरले कोणी? आणि सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असा, दगड बघण्याजोगा सोपा डोंगर आमच्याकडे आहे का? शेवटी एक ओळ घाईत लिहिलेली: ‘आमचा देव खांबातून आला, म्हणून विचारतो.’

वर्णनावरून फोटो अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा असावा. सुमारे दोनशे फुटांचा सुळका, वर गावदेवीचं देऊळ, चढायला पायऱ्या, आणि चहूबाजूंनी इमारतींचा वेढा. या फोटोबरोबर ‘असे खांब जगात फक्त तीनच ठिकाणी’ हे वाक्यही हमखास फिरतं. त्यावर अजिबात विश्वास ठेवू नये. आयर्लंडच्या एकाच किनाऱ्यावर असे सुमारे चाळीस हजार खांब आहेत. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पारडीला २०२१ मध्ये रस्त्याच्या कामात ते उघडे पडले. दुर्मीळ म्हटल्याशिवाय एखाद्या गोष्टीची किंमतच करायची नाही, ही सवय आपल्याला कुणी लावली कोण जाणे.

तर, कोरले कोणी? याच प्रश्नावर युरोपातले विद्वान अठराव्या शतकात हमरीतुमरीवर आले होते. त्या भांडणाची सुरुवात मला फार आवडते, कारण ती एका चित्रकर्तीपासून होते. डब्लिनची सुझाना ड्रुरी. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावरचे हे खांब तिनं तिथं जाऊन, निरखून रंगवले. तोवरची चित्रं इतकी नेमकी नव्हती. ड्रुरीनं प्रत्येक सांधा, प्रत्येक तुटका तुकडा दाखवला. १७४० मध्ये या चित्रांना डब्लिन सोसायटीचं २५ पौंडांचं बक्षीस मिळालं. पुढं त्यांचे छाप निघाले आणि युरोपभर पोचले.

मग १७६३ मध्ये निकोला देमारे हा फ्रेंच कारखाना-निरीक्षक ओव्हेर्न्यच्या डोंगरांत फिरत असताना त्याला तसेच खांब दिसले. तो खांबांवरून मागं मागं चालत गेला, लाव्हाच्या वाटेनं, आणि थेट एका विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचला. म्हणजे या खांबांचा काळा दगड, बेसॉल्ट, आगीतून आला! पुढं जर्मनीत व्हेर्नर नावाचे नामांकित प्राध्यापक हाच दगड समुद्राच्या पाण्यातून साका बसून तयार झाला असं शिकवत राहिले, आणि त्यांच्या शिष्यांची संख्या मोठी होती. देमारे मात्र वादात पडत नसे. कुणी हुज्जत घालायला आलं, की म्हातारा म्हणे, जा आणि पाहा. भूविज्ञानाच्या इतिहासात देमारेला मानाचं पान आहे. ड्रुरीला तळटीप मिळाली तरी पुष्कळ. तिच्या जन्ममृत्यूच्या तारखासुद्धा धड सांगता येत नाहीत.

आता देमारेचा सल्ला पोखर्णीत पाळू. त्यासाठी ना आयर्लंड लागतं, ना अंधेरी. एप्रिल-मेमध्ये शिवारात जायचं. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. ही माती बेसॉल्टच झिजून झालेली. पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते. पण आडवी आक्रसायला जागा कुठं? सगळीकडून ताण बसतो आणि ती फाटते. लाव्हाचंही तेच, फक्त तिथं पाण्याऐवजी उष्णता निघून जाते. अकराशे अंशांच्या आसपासचा रस थिजतो, घट्ट होतो, आणि तापमान आणखी शंभरेक अंशांनी उतरलं की तडकतो. २०१८ मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत बेसॉल्ट तापवून, थंड करून तडकण्याचं तापमान मोजलं: ८४० ते ८९० अंश. म्हणजे खांब तयार होताना दगड अजून लालबुंद असतो.

पण सहा बाजूच का? रानातली भेग नीट पाहा. पहिली भेग लांबच लांब जाते. दुसरी तिला येऊन भिडते ती काटकोनात, कारण पहिलीच्या काठावर एका दिशेचा ताण आधीच सुटलेला असतो. म्हणून कोवळ्या भेगांची घरं बहुतेक चौकोनी. लाव्हात मात्र भेग एकदाच पडून थांबत नाही. थंडावा जसजसा खाली उतरतो, तसतशी ती टप्प्याटप्प्यानं खोल जाते आणि दर टप्प्याला सांधा जरासा सरकतो. काटकोन सैल होत होत १२० अंशांकडे जातो. तीन भेगा एका बिंदूत सारख्या कोनांनी भेटल्या की घर षट्कोनी होतं, मधमाशीच्या पोळ्यासारखं. पोळ्याइतकं नेटकं नव्हे. पाच आणि सात बाजूंचे खांबही भरपूर असतात. सावकाश निवालं तर खांब जाड, भरभर निवालं तर बारीक.

घरात करायचं असेल तर कॉर्नफ्लोअर आणि तेवढंच पाणी वाटीत कालवून चार-आठ दिवस दिव्याखाली वाळवा आणि वडी अलगद मोडा. आत काडीएवढे खांब निघतील. जर्मनीच्या गेर्हार्ड म्युलर यांनी १९९८ मध्ये हेच करून रीतसर शोधनिबंध लिहिला. आईला आधी विचारा.

राहिला डोंगर. लाव्हाचे थर पश्चिमेला जाड, पूर्वेकडे पातळ होत जातात. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या बोअरमध्ये काळा पाषाण सुमारे ३४० मीटरवरच संपला आणि खाली फार जुना खडक लागला. सह्याद्रीसारखे कडे परभणीकडे नाहीत. पण जिंतूरजवळची नेमगिरी आहे, जैन लेण्यांची, आणि ती चढायला आजीही येईल. लेण्यात एवढ्याशा दगडावर तोललेली पार्श्वनाथांची भली मोठी मूर्ती बघायला बहुतेक जण जातात. ती पाहाच. पण जाता-येता डोंगराच्या अंगाकडेही लक्ष असू द्या. कठीण थराचा उभा टप्पा, मऊ थराचा उतार, पुन्हा टप्पा. या पाषाणाला ‘ट्रॅप’ म्हणतात ते जिन्याच्या स्वीडिश शब्दावरून. दगडात बारीक छिद्रं दिसली तर ती वायूच्या बुडबुड्यांची. त्यांत पांढरं काही भरलेलं असेल, तर ते पाण्यानं नंतर आणून ठेवलेलं. खांबांसाठी ही टेकडी प्रसिद्ध नाही, तेव्हा त्या आशेनं जाऊ नका.

आणि एक काम पोखर्णीतच करण्यासारखं आहे. माती पुन्हा पुन्हा भिजत-वाळत राहिली तर तिच्या भेगाही हळूहळू काटकोन सोडतात, असं लुकास गेरिंग यांनी २०१० मध्ये चिकणमातीच्या पातळ थरांवर दाखवलं. रानात नांगर दरसाल सगळं पुसून टाकतो. बांधाकडेला, जिथं नांगर पोचत नाही, तिथं काय होतं? कंपासपेटीतला कोनमापक घेऊन पन्नासेक सांधे मोजायचे, नांगरटीतले वेगळे, बांधालगतचे वेगळे, आणि आकडे मला कळवायचे. पहिल्या पावसाच्या आत मात्र, नंतर भेगा मिटतात.