गावकुसाबाहेरचा नाताळ आणि त्याची गाणी

25 डिसेंबर ही तारीख आमच्या घरात दोन वाटांनी येते. वडिलांकडून आम्ही बौद्ध, पाचोरा तालुक्यातले. आईचे माहेर नेवासे तालुक्यातले, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. 1927 साली याच तारखेला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, म्हणून वडिलांच्या वस्तीत त्या दिवशी सभा होते. त्याच दिवशी आजोळी नाताळ असतो. माझ्या लहानपणी, म्हणजे नव्वदीच्या दशकात, आम्ही एका वर्षी पाचोऱ्याच्या सभेला आणि एका वर्षी आजोळच्या नाताळला, असा क्रम होता. दोन्ही घरांना त्यात काही विसंगत वाटले नाही.

तारखांचा हा मेळ निव्वळ योगायोगाचा नाही. इंग्रजी अमलात नाताळच्या सुटीत कचेऱ्या, कोर्टे, शाळा बंद असत, आणि म्हणून परिषदा-अधिवेशने या आठवड्यात भरवण्याची रीतच पडली होती. काँग्रेसची अधिवेशनेही डिसेंबरअखेरीस भरत. महाडची परिषदही याच आठवड्यातली. साहेबाच्या सणाच्या दिवसांत आमच्या माणसांनी मनूचा ग्रंथ जाळला, हे इतिहासाने केलेले एक चांगले काम आहे.

परंतु मला आज बोलायचे आहे ते नाताळविषयी आणि त्यातही नाताळच्या गाण्यांविषयी. 'ती मिशनऱ्यांची गाणी, त्यांचा आपल्याशी काय संबंध?' असा प्रश्न आपल्या चळवळीतील जाणती माणसेही विचारतात. दलित साहित्याचा इतिहास लिहिणारे जलशांची नोंद घेतात, भीमगीतांची घेतात आणि ती घेतलीच पाहिजे. ख्रिस्ती झालेल्या महारवाड्यातील गाण्यांजवळ मात्र त्यांची लेखणी थांबते. ती का थांबू नये, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी हा नाताळ कसा असे ते सांगतो. पाचोऱ्याहून मनमाड, मनमाडला गाडी बदलून दौंडच्या मार्गावरील बेलापूर, म्हणजे श्रीरामपूरचे स्टेशन, आणि तेथून एस.टी., असा आमचा प्रवास. आजोळी पोहोचलो की घरात करंज्या, शंकरपाळे, चकल्या यांचा वास सुटलेला असे. दिवाळीत शेजारी जे करतात तेच नाताळला ख्रिस्ती घरी होते, केकचे नाव कोणी घेत नसे. मामा बांबूच्या कामट्यांना पतंगी कागद चिकटवून चांदणी करीत, आत बल्ब सोडीत आणि ती दारावर उंच बांधीत. पंधरा दिवस आधीपासून रात्री देवळात गाण्यांचा सराव चाले. 'देऊळ' हाच आजोळचा शब्द, चर्च म्हणत ती शहरातली माणसे. 24 तारखेच्या रात्री पेटी, ढोलकी, टाळ घेऊन फेरी निघे. प्रत्येक ख्रिस्ती घरापुढे दोन गाणी होत, चहा होई, फेरी पुढे सरके. दुसऱ्या दिवशी उपासना, मग सर्वांनी एका पंगतीत बसून प्रीतिभोजन, आणि रात्री कीर्तन. परतताना आई फराळाचा डबा बांधून आणी. पाचोऱ्याची आजी, पक्की बौद्ध, दारातच विचारी, "नातायना फराय उना का?"

आईकडची आजी निरक्षर होती. 'उपासना संगीत' हे मराठी मंडळ्यांचे गीतांचे पुस्तक तिच्या घरी होते, पण तिला त्याची गरज नव्हती. पुस्तकात असलेली आणि नसलेली, दोन्ही प्रकारची गाणी तिला पाठ होती. जात्यावरच्या ओवीच्या चालीवर बाळ येशूचा पाळणा ती म्हणे. पुढे 14 एप्रिलला आमच्या वस्तीत बायका भीमाचा पाळणा म्हणू लागल्या, तेव्हा माझ्या आईने तीच चाल उचलली. शब्द बदलले, बाळ बदलले, चाल राहिली. या चालीचा मालक कोण? मिशन नव्हे, हे उघड आहे.

आता थोडे मागे जाऊ. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज, मुळात लॅटिन. त्याचा अर्थ जन्म. पोर्तुगिजांबरोबर तो आपल्या किनाऱ्यावर आला. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली ख्रिस्तपुराण छापले. हा धर्मोपदेशक इंग्रज, परंतु त्याने वृत्त निवडले ते ओवीचे. ही किनाऱ्यावरची कॅथॉलिक परंपरा. घाटावरची आमची वाट निराळी. अमेरिकन मराठी मिशन 1813 साली मुंबईत आले आणि 1831 साली त्यांनी नगरला ठाणे घातले. पुढील अर्धशतकात नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झाले ते मुख्यतः महार, त्यांच्या मागून मांग. 1876 नंतरच्या दुष्काळात ही संख्या पुष्कळ वाढली. खानदेशात हे काम उशिराचे आणि विरळ. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावी अलायन्स मिशनची मंडळी आली, आणि पश्चिमेला नवापूर-चिंचपाड्याकडे भिल्ल-मावची समाजात दुसऱ्या एका मिशनने काम केले.

आरंभी मिशनच्या देवळात गाणी होती ती विलायती चालींवर बेतलेली मराठी भाषांतरे. ती गायची म्हणजे जिभेला कसरत. आमच्या माणसांना सूर नव्हता असे नव्हे; त्यांचा सूर वेगळा होता. 1860 नंतरच्या काळात नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन उचलले. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालींवर पदे रचली. पुढे नारायण वामन टिळक आले. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि 1919 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ते अभंग-भजनांची रचना करीत राहिले. तुकोबाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत. मराठी देवळांत आज जे गाइले जाते त्याचा मोठा भाग त्यांचा आहे.

येथवरचा इतिहास वाङ्मयाच्या पुस्तकांत सापडतो. त्या पुस्तकांत जे सापडत नाही ते पुढे आहे.

कीर्तन म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. चोखोबा पंढरीला महाद्वाराच्या आत जाऊ शकला नाही. अभंग त्याचा, देऊळ दुसऱ्यांचे. त्याच्यानंतर पाचशे वर्षे आमच्या माणसांनी कीर्तन ऐकले ते दूर उभे राहून, विटाळ होणार नाही एवढ्या अंतरावरून. कीर्तनकाराच्या जागी उभे राहणे, गळ्यात वीणा घालणे, समोर बसलेल्या माणसांना अर्थ सांगणे, हा अधिकार त्यांना नव्हता. नगरकडच्या खेड्यांत नाताळच्या रात्री महारवाड्यातलाच एखादा मिशनचा मास्तर वीणा घेऊन उभा राहू लागला, तेव्हा हा अधिकार त्याने हाती घेतला. मिशनऱ्याने परवानगी दिली असेल. पण कीर्तन मिशनऱ्याला येत नव्हते; ते दूर उभ्या राहिलेल्या माणसाने ऐकून ऐकून आत साठवले होते. म्हणून मी म्हणतो की नाताळचे कीर्तन ही मिशनची देणगी नाही, ती आमची वसुली आहे.

कीर्तनातील आख्यानही पाहावे. बायबलातील जन्मकथा अशी : सरकारच्या हुकमाने नावनोंदणीसाठी गरीब जोडपे परगावी जाते, बाई गरोदर, उतारशाळेत जागा नाही, मूल जन्मते आणि गव्हाणीत निजवले जाते. पहिली वार्ता जाते ती राजाला किंवा पुरोहिताला नव्हे, तर रात्री रानात मेंढरे राखणाऱ्यांना. ही कथा आमच्या आजोळच्या कीर्तनात 'गावात जागा नाही' या शब्दांवर येऊन थांबे. कीर्तनकार ते पालुपद तीन-तीनदा घोळवी, टाळ वाढत, आणि बायका डोळ्यांना पदर लावीत. गावात जागा नसणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होते. मराठी मुलखात गावकुसाबाहेर जन्मणाऱ्या मुलांविषयीचे ते आख्यान होते, फक्त गावाचे नाव बेथलेहेम होते.

जगात इतरत्रही हेच घडलेले दिसते. अमेरिकेतील काळ्या गुलामांना मालकांनी आपला धर्म दिला. गुलामांनी त्यातून स्वतःची गाणी काढली. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातील मुक्त गुलामांच्या मुलांनी 1871 पासून ती गावोगाव गाऊन आपल्या संस्थेसाठी पैसा उभा केला. त्या परंपरेतील नाताळगीते आज साऱ्या जगात म्हटली जातात. दलित साहित्याने काळ्यांच्या साहित्याशी नाते सांगितले, आणि 1972 साली आपल्या तरुणांनी संघटनेचे नावही तेथूनच घेतले. मग काळ्यांची देवळातली गाणी आपल्याला विद्रोहाची वाटावीत आणि नेवाशाच्या महारवाड्यातली देवळातली गाणी गुलामीची वाटावीत, हा न्याय कोणता?

या गाण्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख आजोळच्या कौतुकाचा होईल. फ्रेडरिक डग्लस हा स्वतः गुलामीतून सुटलेला माणूस. 1845 सालच्या आत्मचरित्रात तो लिहितो की नाताळ ते नववर्ष या दिवसांत मालक गुलामांना सुटी देत, ती त्यांच्या मनातील बंडाची वाफ निघून जावी म्हणून. सणाचे असे असते. वर्षभराचा संताप तो एका रात्रीत गाऊन संपवू शकतो. बाबासाहेबांनीही मिशनऱ्यांच्या शिक्षणाच्या आणि रुग्णसेवेच्या कामाचे मोल मान्य करून परखडपणे विचारले होते की, अस्पृश्याने धर्म बदलला तरी चर्चमध्ये त्याची जात का सुटत नाही, आणि तो अन्यायाविरुद्ध उभा का राहत नाही. हा प्रश्न खोटा नव्हता. टिळकांचे नाव प्रत्येक ख्रिस्ती घरात पाठ आहे. ज्या मास्तराने आजोळच्या कीर्तनाची आख्याने रचली त्याचे नाव मला आजही शोधावे लागते. धर्मांतर करूनही ब्राह्मण कवी छापला गेला आणि महार कवी पाठांतरात राहिला. छापखान्यालाही जात असते.

तरीही मिशनच्या छापखान्याचे एक ऋण आपल्यावर आहे. जोतिबांच्या शाळेतील मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली छापला तो 'ज्ञानोदया'ने, म्हणजे याच मिशनच्या पत्राने. दलित स्त्रीच्या लेखनाचा आरंभ आपण तेथून मोजतो. छापून आला म्हणून तो मोजता आला. जे छापले गेले नाही त्याचे काय?

हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीत गणना होण्यासाठी हिंदू असण्याची अट घातली. 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना त्यात घेतले. ख्रिस्ती झालेला दलित अजूनही बाहेर आहे. 2007 साली रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली. 2022 साली हाच विषय के. जी. बालकृष्णन यांच्या आयोगाकडे सोपवला गेला. माझे आणि माझ्या मामेभावाचे पणजोबा एकाच गावची येसकी करीत, एकच घोंगडी, एकच काठी. आज माझ्याकडे जातीचा दाखला आहे आणि त्याच्याकडे तो नाही. कागद म्हणतो की तो अस्पृश्यांचा वंशज नाही. त्याची गाणी सांगतात की आहे. 1956 ते 1990 या चौतीस वर्षांत केंद्राच्या दारात आपण बौद्धांनी हेच सोसले. निदान आपल्याला तरी हे समजायला हवे.

अशा वेळी ही गाणी म्हणजे नुसती आठवण राहत नाहीत, तो पुरावा होतो. आणि तो वेगाने नाहीसा होत आहे. आजोळी आता फेरीला ढोलकीऐवजी कीबोर्ड असतो, हिंदी आणि इंग्रजी गाणी मोबाइलवरून शिकली जातात, कीर्तन दोन-चार वर्षांतून एकदा होते. तरुणांना दोष देण्याचे कारण नाही; आपल्या आजीच्या गाण्याला कोणी साहित्य म्हटल्याचे त्यांनी ऐकलेलेच नाही. वामनदादा कर्डकांची गाणी टिकली, कारण ती साहित्य आहेत असे आपण ठणकावून सांगितले, वह्यांतून उतरवून घेतली, छापली.

तेच येथे करता येईल. माझ्या वर्गात दरवर्षी भुसावळकडची दोन-चार ख्रिस्ती मुले असतात. मी त्यांना सांगतो की घरातल्या सर्वांत वृद्ध बाईजवळ बसा, पाळणा असेल तर पाळणा, ओवी असेल तर ओवी, ती म्हणेल तशी उतरवून घ्या. चाल ध्वनिमुद्रित करा. रचणाऱ्याचे नाव विचारा, आणि नाव माहीत नसेल तर गाव विचारा. आजवर सहा वह्या जमल्या आहेत. त्यांतील एका वहीत गव्हाणीच्या पाळण्याशेजारी त्याच बाईने म्हटलेला भीमाचा पाळणा आहे. त्या मुलीने दोन्ही एकाखाली एक लिहिले आहेत आणि मध्ये रेघ मारलेली नाही. दलित साहित्याच्या इतिहासकारांनीही ती मारू नये.